मी रोज रिकामी परतत होते

मी बाटली बोलतेय. पाण्याची, हे आधीच सांगून टाकते. कारण नुसतं ‘बाटली’ म्हटलं की काहींचे चेहरे पडतात आणि काहींचे उगाचच खुलतात. मी त्यातली नव्हे. दोन लिटरची, फिकट निळी, आरपार दिसणारी, झाकण दाबलं की टक्कन उघडणारी. मी आजवर कुणाचं वाईट चिंतलं नाही. तरी माझ्या हातून (हात नाहीत मला, पण म्हणायची पद्धत आहे) एक मोठं खोटं घडलं. तेही एकदा नाही, तीन वर्षं, सुट्टीचा वार सोडून रोज. मनावर त्याचं ओझं आहे, म्हणून सांगायला बसले.

माझा जन्म साच्यात झाला. गरम हवा फुंकली, फुगले, थंड झाले, संपलं बाळंतपण. त्याच दिवशी माझ्या हजारो बहिणी जन्मल्या, तेव्हा कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. दागिना मात्र एक मिळाला: अंगावरून खाली उतरणारी पांढरी पट्टी आणि तिच्यावर पाच खुणा. सगळ्यात वर ‘सकाळी ९’, मग ११, १, ३ आणि अगदी तळाशी ‘संध्याकाळी ५’. त्या त्या वेळेला पाणी त्या त्या खुणेपर्यंत उतरलेलं असावं, अशी योजना. ही पट्टी ज्याने आखली, त्याला तहान लागली की प्यायची आणि लघवीला लागली की उठून जायची मोकळीक असणार. तेव्हा मला हे कळत नव्हतं. मी त्या पट्टीवर भारी खूश होते.

दुकानात मी जास्त दिवस राहिले नाही. एका दुपारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी तरातरा आत आली आणि तिच्या मागून तिची आई, एका हाताने कंबर धरून. दोघी दवाखान्यातून थेट आल्या होत्या. आईच्या कुशीत पहाटे अशी कळ आली होती की तिने उशीचा कोपरा दाताखाली धरला होता. डॉक्टर म्हणाले होते, मुतखडा आहे, लहान आहे, पडून जाईल, पण पाणी प्यायला हवं. दिवसाला तीन लिटर.

“ही घेऊ,” मुलीने मला उचललं. “हिच्यावर वेळा लिहिल्यात. आता तुला कारणं सांगता येणार नाहीत.”

“अगं, केवढी ही! मी हिला कामावर नेऊ की ही मला नेईल?”

“नेशील गुपचूप. आणि संध्याकाळी मला रिकामी दिसली पाहिजे. नाहीतर गाठ माझ्याशी आहे.”

“बरं, माझे बाई,” आई हसून म्हणाली आणि पुन्हा कंबरेवर हात ठेवला.

घरात दोघीच. गल्लीतली एक खोली, तिच्यात एक खाट, एक शेगडी, भिंतीवर मुलीचा शाळेतला फोटो. संडास गल्लीच्या टोकाला, बारा घरांत दोन. सकाळी तिथे एवढी रांग लागे की आई उठल्यावर अर्ध्या कप चहावरच थांबायची. पाण्याच्या बाबतीतली तिची काटकसर अशी घरातूनच सुरू होत होती, हे मला पुढे उमगलं. पहिल्या दिवशी मात्र मुलीने मला काठोकाठ भरलं, आणि आईने उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं माझ्यासाठी झबलं शिवलं. त्याला छोटीशी कॉलरही लावली. ऐटीत मी कामावर निघाले.

आई शर्टांच्या कारखान्यात होती. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. जी जे शिवते तेच तिचं नाव. कुणी खिशावाली, कुणी खांदेवाली, कुणी काजवाली. माझी आई (मीही तिला आईच म्हणते, झबलं शिवणारीला दुसरं काय म्हणणार?) कॉलरवाली. अडतीस जणी एका रांगेत आणि शर्ट एकीच्या हातून दुसरीकडे सरकत जाणारा. डावीकडून खांदेवाली जोडलेला शर्ट टाकायची, आई कॉलर बसवायची आणि उजवीकडे बाहीवालीपुढे सरकवायची. एक जण जागची उठली की तिच्या पुढ्यात कपड्यांची थप्पी साचते आणि तिच्या पलीकडची हात बांधून बसते. तास संपताना शर्ट कमी भरले, तर रांगेतल्या सगळ्यांना सुटल्यावर अर्धा तास जादा.

पत्र्याखाली उकडून निघत होतं. मला वाटलं, आता मला मागणी येईल. इकडे तिकडे पाहते तर काय, प्रत्येक मशीनच्या पायाशी एक एक बाटली, आणि सगळ्या काठोकाठ भरलेल्या. शेजारी बाहीवालीची स्टीलची बाटली होती, पोचे पडलेली, बऱ्याच वर्षांची.

“नवीन दिसतेस,” ती म्हणाली. “चार दिवस पितील तुला. मग झाडाला.”

“म्हणजे?”

“कळेल,” ती म्हणाली.

आईने खरंच प्यायला सुरुवात केली, हे मला आवर्जून सांगायचं आहे. पुढे लोक म्हणाले, बाईनेच हयगय केली. तसं नव्हतं. पहिल्या दिवशी अकराला पाणी अकराच्या खुणेला होतं. एकला एकच्या. तीनच्या आधी मात्र तिची चुळबुळ सुरू झाली.

रांगेवर देखरेख करणाऱ्या बाईला सगळ्या लाईनबाई म्हणत. तिच्या टेबलाजवळच्या खिळ्याला एक लाल बिल्ला लटकलेला असे. अडतीस जणींत एक बिल्ला. तो गळ्यात घालायचा, आवार ओलांडून जायचं, यायचं, पुन्हा खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा असेल तर वाट बघायची. बाथरूम दोन होती आणि त्यातल्या एकाची कडी लागत नसे.

आई त्या दिवशी दोनदा गेली, दुसऱ्या दिवशी तीनदा. दरवेळी परत येईपर्यंत तिच्या पुढ्यात थप्पी आणि बाहीवालीचे हात रिकामे. तिसऱ्या दिवशी बाहीवाली म्हणाली, “आल्या का राणीसाहेब फिरून? आमच्या हातांना मुंग्या आल्या.” रांगेत हसू पिकलं. आईही हसली. चौथ्या दिवशी शर्ट कमी भरले आणि सगळ्यांना अर्धा तास थांबावं लागलं.

बाहीवाली वाईट नव्हती. तिचं दोन वर्षांचं लेकरू पाळणाघरात असायचं आणि पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं. त्या दिवशी ती सहाला पोचली, तेव्हा पाळणाघरवाल्या बाई कुलूप लावून पायरीवर बसल्या होत्या आणि लेकरू त्यांच्या मांडीवर रडून रडून झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने हे कुणालाही उद्देशून न बोलता, बाही लावता लावता सांगितलं. आईने मान वर केली नाही. त्या दिवसापासून तिने मला तोंड लावलं ते फक्त जेवताना, घास उतरावा म्हणून, दोन घोट.

लाईनबाईच्या टेबलावरही एक बाटली असायची. गुलाबी, छान. तीही भरलेलीच.

त्या संध्याकाळी मला झाड कळलं. कारखान्याच्या फाटकाशी एक झाड होतं, रुंद पानांचं. आवारात बाकी गवताची काडी जगत नव्हती, ते मात्र असं तरारलेलं की बघत राहावं. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम तिथे थांबवून दाखवायचे: “बघा, हिरवाईची आम्ही किती काळजी घेतो!” काळजी कोण घेत होतं, ते सुटायच्या वेळेला दिसायचं. बाया ओळीने यायच्या, बाटलीचं झाकण काढायच्या, बुंध्याशी ओतायच्या आणि चालू लागायच्या. दिवसभर तहानलेल्या अडतीस बाया रोज एका झाडाला पाणी पाजत होत्या.

घरी भरलेली बाटली नेली की प्रश्न येतात. नवरा विचारतो, सासू विचारते, लेक विचारते. उत्तर देत बसण्यापेक्षा ओतून टाकणं सोपं.

आई झाडापाशी थांबली. मला पिशवीतून काढलं, झबलं सारखं केलं, पुन्हा पिशवीत ठेवलं. चार पावलं पुढे गेली. मग माघारी आली आणि तिने मला उलटं केलं. माझ्यातलं पाणी गटगट करत मातीत गेलं, आणि मला लाज वाटली. झाडाने काय, आनंदाने घेतलं.

घरी मुलीने मला कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

“शाब्बास! बघ, मनात आणलं की जमतं ना?”

“जमतं की,” आई म्हणाली आणि शेगडीकडे वळली.

मला ओरडून सांगायचं होतं. अगं, मी प्यायली गेलेली नाही, ओतली गेलेली आहे! पण रिकामी बाटली कशी रिकामी झाली, हे तिच्याकडे बघून कधी कळतं का? मी गप्प राहिले. आणि दुसऱ्या दिवशीही राहिले. मग सवय झाली, मलाही आणि आईलाही.

वर्षभराने तिला जळजळ सुरू झाली. ताप यायचा, अंग कापायचं, ती दोन गोळ्या घेऊन कामावर जायची. पुन्हा कळ आली, पुन्हा खडा, या वेळी मोठा. दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर तीसेक माणसं ताटकळत होती. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांचाही एक डोळा दाराकडे.

“पाणी पिता का भरपूर?”

आईने तोंड उघडायच्या आत मुलीने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. “ही बघा ना डॉक्टर. रोज रिकामी येते. मी स्वतः धुते.”

अशी मी साक्षीला उभी राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टीवरच्या खुणा वाचल्या, मान डोलावली. “मग टोमॅटो बंद करा. पालक बंद. काहींची प्रकृतीच अशी असते, त्याला इलाज नाही.” आई माझं झाकण उघडत आणि मिटत होती, टक, टक, टक. मला वाटलं, आता सांगेल. तिने ओठही हलवले. पण बाहेरून पुढच्या पेशंटने दार ढकललं आणि आम्ही उठलो.

पुढची दोन वर्षं त्या घरात टोमॅटो आला नाही. बिचाऱ्या टोमॅटोने काय घोडं मारलं होतं? डॉक्टरांनी आहार विचारला, वय विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का तेही विचारलं. काम काय करता, हे कागदावर लिहायला एक ओळ होती, तिच्यात त्यांनी ‘शिवणकाम’ लिहिलं. शिवणकाम म्हणजे खिडकीशी बसून गाणं गुणगुणत टाके घालणं, असं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असेल, तर त्यांना तरी काय बोल लावणार? मी मात्र टेबलावरच होते, आणि मला सगळं ठाऊक होतं. याचं वाईट मला आजही वाटतं.

तिसऱ्या वर्षी आईचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतून बसायचा. मुलीने विचारलं की म्हणायची, “दिवसभर पाय खाली सोडून बसते, सुजणारच.” जेवण जाईना. सुईत दोरा ओवताना हात थरथरायला लागले, तेव्हा बाहीवाली आपली बाही ठेवून हळूच तिचा दोरा ओवून द्यायची.

एका दुपारी आई उलटी आली म्हणून उठली आणि बिल्ल्याच्या खिळ्यापर्यंत जाऊन खाली बसली. तेव्हाही बिल्ला जागेवर नव्हता. तिला उचलून कापडाच्या गठ्ठ्यांवर निजवलं आणि मुलीला फोन केला. मुलगी पोचली ती नेमकी सुटायच्या वेळेला. रखवालदाराने सांगितलं, आईला घेऊन येतायत, इथेच थांब. ती झाडाखाली थांबली.

बाया सुटल्या. नेहमीसारख्या एकेक करून झाडाशी आल्या आणि बाटल्या उलट्या करू लागल्या. मुलीच्या चपला भिजल्या. ती मागे सरली, आधी नुसती बघत राहिली, मग तिने एकीचा हात धरला.

“मावशी, हे काय करताय? पाणी का ओतताय?”

ती बाई गोंधळली. “रोजचंच आहे गं. घरी ओरडतात ना, प्यायली नाही म्हणून.”

तेवढ्यात बाहीवाली आणि लाईनबाई आईला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आल्या. पिशवी आईच्या खांद्याला होती आणि पिशवीत मी, काठोकाठ. मुलीने मला बाहेर काढलं. कानाशी धरायची गरजच नव्हती, ‘सकाळी ९’च्या खुणेच्या वर पाणी दिसत होतं.

“आई, रोज?”

आईने मान हलवली.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू खूश व्हायचीस गं,” आई म्हणाली. “तेवढाच आनंद दिवसात. कसं सांगणार?”

मोठ्या इस्पितळात कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत. तिथे रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर एक सिस्टर होती, वयाने मोठी, हाताने हलकी. आईला सुई टोचता टोचता तिने सहज विचारलं, “ताई, कामावर बाथरूमला दिवसातून कितीदा जायचात?”

“एकदा. जेवणाच्या सुट्टीत. नंबर लागला तर.”

सिस्टरने सुईवर पट्टी चिकटवली. “या महिन्यात अशा तुम्ही तिसऱ्या,” ती म्हणाली. हा साधा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारून उपयोग नव्हता. कोपऱ्यात मुलगी मला मांडीवर घेऊन बसली होती. “मी आपली बाटली हलवून बघायचे,” ती मलाच सांगत होती. “पाय बघायला पाहिजे होते. पाय दिसत होते की मला.” तिचे डोळे माझ्या झबल्यावर गळत होते.

आता माझी हकिकत संपत आली. आई घरी असते. आठवड्यातून दोनदा यंत्रावर जाते, एरवी खाटेवर बसून गल्लीकडे बघते. आता कुणी बिल्ला मागत नाही, थप्पी साचत नाही. दुपारच्या वेळी गल्लीच्या टोकाचे दोन्ही संडास मोकळे असतात. आणि पाणी? पाणी मोजून. शरीरात गेलेलं पाणी आता बाहेर पडत नाही, म्हणून दिवसाला जेमतेम दोन पेले. मुलगी सकाळी मला तळाच्या खुणेपर्यंत भरते आणि तेवढ्यावर दिवस काढायचा असतो. माझ्यात सकाळीच संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. उन्हाच्या वेळी आई मला मांडीवर घेते, एक घोट घेऊन तो तोंडात धरून ठेवते आणि लगेच गिळत नाही. जिच्यासाठी दोन-दोन लिटर नेऊन मी झाडाला ओतलं, तिला आता एका घोटासाठी झुरताना बघते. याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

परवा काम सुटल्यावर बाहीवाली आली. स्टीलची ती पोचे पडलेली बाटली तिच्या पिशवीत होती. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. लेकरू आता शाळेत जातं म्हणाली. मग म्हणाली, “तुझ्यानंतर बिल्ले दोन केलेत.”

“बरं झालं.”

“थप्पी तेवढीच आहे पण,” बाहीवाली म्हणाली. तिने खाली बघितलं. “मी तेव्हा राणीसाहेब म्हणाले होते तुला.”

“म्हणालीस खरी. मला आवडलं होतं. दुसरं कोण म्हणणार होतं मला राणी?” आई हसली. मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. “झाडाशी थांबली होतीस का आज?”

“नाही. घाईने इकडेच आले.”

“काढ बाटली.”

बाहीवालीने काढली. आईने ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि तिच्यापुढे धरली.

“पी.”

“अगं, तुझ्यासमोर कशी...”

“माझ्यासमोरच पी.”

बाहीवाली प्यायली. आधी दोन घोट, संकोचून. मग तहानेनेच ताबा घेतला असावा, ती घटाघटा पीत गेली, पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरलं. आई तिच्या गळ्याकडे बघत होती, प्रत्येक घोटाबरोबर स्वतःचा कोरडा घोट गिळत. बाटली खाली आली तेव्हा आई म्हणाली, “हलवून दाखव.”

तिने हलवली. आत डुबुक आवाज आला.

“आहे अजून. पी.”

बाहीवाली आता रडत होती आणि रडत रडत पीत होती. बाटली रिकामी झाली. खरोखर रिकामी झालेली मी ती पहिल्यांदाच बघितली. आई म्हणाली, “आता गल्लीच्या टोकाला जाऊन ये. या वेळी नंबर नसतो. मी बसलेय इथे, कोणी काही म्हणणार नाही.”

ती गेली. आईने मला उचलून माझं झबलं नीट केलं. माझ्यात दोन घोट उरले होते, ते तिने संध्याकाळच्या गोळीसाठी ठेवले.

माझी कॉलर आता विरली आहे, झाकण टक्कन लागत नाही, थोड्या दिवसांत मी भंगारात जाईन. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्याही घरी कुणी ना कुणी संध्याकाळी कामावरून रिकामी बाटली घेऊन येत असेल. तिला शाबासकी द्या, पण त्याआधी एवढं विचारा, की पाणी प्यायलं कोणी.